कांदा गेला की पोरी

पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी सकाळी त्या मुळांची टोकं कापायची, लाल रंगात भिजवायची, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. नशीब चांगलं असेल तर पेशी दुभंगताना दिसते. एकीच्या दोन होताना. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केलेला असतो, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी काहीही न दिसता 'दिसली, मॅडम' असं म्हटलेलं असतं. मीही म्हटलं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये मी संगमनेरला बाहेरची परीक्षक म्हणून गेले. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर काचेचे पेले ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येक पेल्याच्या तोंडावर एकेक कांदा बसवलेला, खाली पाण्यात पांढरी मुळं लोंबत होती. खिडकी उघडी होती. जवळपास कुठे तरी कांदाकाढणी चालली असावी, कारण वाऱ्याच्या एका झुळकीबरोबर उन्हात सुकणाऱ्या पातीचा वास आत आला. जरा गोडसर, जरा तिखट, नाकात बसून राहणारा. समोर एक मुलगा मला त्याची जर्नल दाखवत उभा होता. मी पानं उलटत होते, पण एकाही पानावर काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं.

या कॉलेजातून परीक्षेचं बोलावणं मला आजवर चार-पाचदा आलं आणि दर वेळी मी ते टोलवलं. एकदा गुडघा दुखत होता, एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू होता, एकदा काहीच नव्हतं तेव्हा 'घरगुती अडचण' असं लिहून मोकळी झाले. खरी अडचण एक बाई होती. या गावातल्या एका बाईचं मी सव्वीस वर्षांपूर्वी मोठं नुकसान करून ठेवलं होतं आणि तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्यांच्या पोरांना 'चूक झाली तर येऊन सांगा' असं वर्गात बजावणारी मी, स्वतः मात्र जिल्ह्याच्या गावी बसून संगमनेरला वळसा घालत आले. यंदा कारण सुचलं नाही म्हणून आले, एवढंच.

आले आणि पहिल्याच पावली चुकले. महामार्ग आता गावाबाहेरून जातो, त्यामुळे एसटीतून उतरले ती भलत्याच ठिकाणी. रिक्षावाल्याला म्हटलं, "कॉलेजला चला." तो मागे वळून बघायला लागला.

"मॅडम, कोनतं कॉलेज? हितं नुसतं कॉलेज म्हनल्यावर मी काय समजायचं?"

माझ्या काळी तेवढ्यावर भागायचं. कॉलेजचं फाटक, फाटकासमोर चहाची टपरी, शेजारी सायकलींचं दुकान, आणि त्यापुढे शेतंच शेतं. कॉलेजच्या मागच्या भिंतीला ऊस टेकलेला असायचा. व्याख्यान ऐन रंगात आलं की विहिरीवरची मोटार सुरू व्हायची आणि सरांना आवाज चढवावा लागायचा. आता रिक्षातून जाताना मी अक्षरशः तोंड उघडं टाकून बघत होते. औषधशास्त्राचं कॉलेज, इंजिनिअरिंगचं, नर्सिंगचं, मधेच एका इमारतीच्या चारही मजल्यांवर नुसते क्लास. जिथे ज्वारी उभी असायची तिथे आता तिठा आहे आणि तिठ्यावर सिग्नल आहे. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवर तीन मुली होत्या. मधली मुलगी दोघींच्या मधे बसून वही उघडून काहीतरी घोकत होती, आणि हिरवा दिवा लागल्यावर वही न मिटताच तिघी भुर्रकन गेल्या.

संध्याकाळी पायी फिरायला निघाले तर एका अभ्यासिकेसमोर उभी राहिले. काचेचं दार, आत थंड हवा, आणि दाराबाहेर चपलांचा खच. एवढ्या चपला मी शनिशिंगणापूरला अमावस्येच्या शनिवारीच पाहिल्या होत्या. आत मात्र चिडीचूप. शंभरेक डोकी खाली झुकलेली, कुणाच्या कानात वायर, कुणाच्या पुढ्यात अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा. काचेला नाक लावून बघणाऱ्या बाईकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी इथे कबूल करते. आम्ही अभ्यास कुठे करायचो, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

आम्ही कांद्याच्या चाळीत अभ्यास करायचो.

त्याआधी मी तिथवर कशी पोचले ते सांगायला हवं. माझं गाव भंडारदऱ्याच्या वर, डोंगरात. भात, नागली, हिरड्याचं जंगल, आणि पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस न दिसणारा सूर्य. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्यासाठीच केली असावी. फेब्रुवारी लागला की आमच्या बायकांच्या डोक्यावर हंडे चढायचे, आणि आमच्याच शेजारचं पाणी प्रवरेतून खाली खाली जायचं. अकोले, संगमनेर, कोल्हार. खालच्या लोकांचा ऊस वाढला, कांदा वाढला, कारखाने उभे राहिले, त्यातून शाळा-कॉलेजं झाली. मला या गोष्टीचा राग येण्यापेक्षा कुतूहल जास्त होतं. हे पाणी जाऊन करतं तरी काय, ते बघावं असं वाटायचं. बारावी झाल्यावर मीही पाण्यामागून खाली उतरले. आमच्या वाडीतून अशी उतरलेली मी पहिली मुलगी.

बाबांनी निघताना अट घातली होती. "तीन वरसं. त्यातलं येक जरी वाया गेलं तर मंग घरी यायचं. पाव्हनं काय जलमभर थांबून न्हाई ऱ्हानार." पाहुणे म्हणजे राजूरकडचं एक स्थळ. मुलगा चांगला होता, म्हणे. त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नव्हतं, मला फक्त सूक्ष्मदर्शकातून बघायचं होतं.

कांद्याची चाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीपासून हातभर उंच उचललेली लांबलचक पडवी, वर पत्रे, आणि भिंतींच्या जागी लाकडी पट्ट्या. दोन पट्ट्यांमधे बोटभर फट ठेवलेली असते, कारण कांद्याला सतत वारा लागतो. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये आत जातो आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत बाहेर येतो. मग मार्चअखेरपर्यंत चाळ रिकामी. मी टाळत आले ती बाई म्हणजे यमुनाआक्का. तिची चाळ कॉलेजच्या भिंतीला लागूनच होती. आमच्या आधी दोन-तीन वर्षं कुणीतरी तिच्याकडे विचारत आलं होतं की डोंगराकडच्या एका मुलीला राहायला जागा नाही, बाप सोडायला तयार नाही. आक्का म्हणाली होती, "घरात तर जागा न्हाई. पर चाळ मोकळी हाय. झाडून देते." तेव्हापासून तिचा हा शिरस्ताच पडला. दिवाळीला कांदा बाहेर, पोरी आत. मार्चअखेर पोरी बाहेर, कांदा आत. दिवाळीपर्यंतचे महिने आम्ही कुणा ना कुणाच्या ओसरीवर काढायचो आणि दिवाळीची वाट बघायचो. तिचे यजमान, तात्या, येणाऱ्याजाणाऱ्याला थट्टेने सांगायचे, "आमच्या हितं दोन पिकं. कांदा गेला की पोरी आन पोरी गेल्या की कांदा."

फटींवर आम्ही जुन्या साड्या आणि वर्तमानपत्रं लावली होती. तरी वारा शिरायचाच. जानेवारीत दातांवर दात वाजायचे आणि सकाळी वहीवर उन्हाच्या पट्ट्या पडायच्या. कोपऱ्याकोपऱ्यातून कांद्याची टरफलं उडत यायची, कितीही झाडा. कपड्यांना, केसांना, जर्नलला, सगळ्याला तो वास. वर्गात आम्हाला 'कांदेवाल्या' म्हणायचे. त्यावर माझी जोडीदारीण निर्मला म्हणायची, "म्हणू दे. रडतील तेच." निर्मला कोल्हारची, ख्रिस्ती, शाळामास्तरांची मुलगी. पुस्तक उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची. त्या वेळी आक्का बाहेरून चालली असेल तर जागच्या जागी थांबायची, डोक्यावर शेणाची पाटी असली तरी, आणि प्रार्थना संपल्यावरच पुढे जायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी परीक्षा पुढे ढकलली गेली. का, ते आता आठवत नाही. मार्चमधला पेपर एप्रिलच्या मध्यावर गेला, आणि कांदा मात्र त्या साली लवकर आला. मार्च संपायच्या आत रानात कांद्याच्या माना पडल्या. मान पडली म्हणजे कांदा तयार झाला, आता तो कुणासाठी थांबत नाही. बाकीच्या मुली आपापल्या घरी अभ्यासाला गेल्या. निर्मलाच्या घरी तेव्हा आजारपण होतं, तिने इथेच राहायचं ठरवलं. आणि मी वर डोंगरात गेले असते तर परत खाली आले नसते. हे मला माहीत होतं, निर्मलाला माहीत होतं, आणि न सांगता आक्कालाही माहीत होतं.

एक दिवस आम्ही आत वाचत बसलो होतो आणि फटीतून नवराबायकोचं बोलणं ऐकू आलं.

"पोरींना सांग आता," तात्या म्हणाले.

"कुठं जातील त्या?"

"आन कांदा कुठं जाईल? माझ्या डोक्यावर ठिवू?"

"कांद्याला काय बाप न्हाई बसलेला, घरी न्यायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी स्वतःच चाळीच्या मधोमध गोणपाटांचा पडदा शिवून टांगला. अर्ध्यात कांदा, अर्ध्यात आम्ही. उरलेला कांदा बांधावर, पातीखाली झाकून. पावसाचं नाव निघालं असतं तर सगळा गेला असता. त्यांचं वर्षाचं पीक होतं ते, आणि आमचा पेपर पंधरा दिवसांवर होता.

आम्ही अगदी वरमून गेलो. या उपकाराचं काय करावं ते सुचेना. निम्मं लक्ष पुस्तकात, निम्मं आभाळात. आणि मग तो रविवार उजाडला. पहिला पेपर मंगळवारी. आक्का आणि तात्या पहाटेच राहुरीकडे एका लग्नाला गेले होते, नात्यातलं असल्यामुळे चुकवता येण्यासारखं नव्हतं. उपटलेला कांदा रानात पसरलेला होता आणि पात कापायला बायका सोमवारी येणार होत्या. दुपारी पश्चिमेला ढग दिसले. काळे नव्हते, पण आमचे चेहरे काळे पडायला तेवढे पुरे झाले. निर्मलाने पुस्तक मिटलं, गोठ्यात खोचलेले दोन विळे काढले आणि एक माझ्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत आम्ही कापत होतो. मी भातवाल्यांची मुलगी, ती मास्तरांची. कांदा आम्ही खाल्ला होता, नाही तर पुस्तकात वाचला होता. जवळच तात्यांनी आदल्या दिवशी कापलेला ढीग होता. त्यातल्या प्रत्येक कांद्यावर दोन बोटं वाळका देठ राहिलेला. आम्हाला ते गबाळं वाटलं. कंटाळून केलेलं काम वाटलं! आम्ही आमचे कांदे कसे स्वच्छ कापले, अगदी मानेला लावून, गोटीसारखे गुळगुळीत. त्याच आठवड्यात मी 'कंदाची रचना' हे उत्तर आकृतीसकट पाठ केलेलं होतं. मान, पापुद्रे, चकती, सगळी नावं तोंडावर होती. आकृतीत फक्त ती मान कशासाठी असते ते लिहिलेलं नव्हतं. पाऊस आलाच नाही. ढग आले तसे डोंगराकडे निघून गेले, आणि आम्ही तळहातावरचे फोड एकमेकींना कौतुकाने दाखवत बसलो.

दिवेलागणीच्या आत दोघं परतली. आक्का लग्नातल्या साडीवरच रानात आली. आमच्या ढिगापाशी थांबली, एक कांदा उचलला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. तात्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुमी बैलांना पानी दावा," ती म्हणाली. तात्या गेले. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "लई काम केलं पोरींनो. जावा, हात धुवा. चा टाकते."

सोमवारी तो कांदा गोणपाटापलीकडे भरला गेला. मंगळवारी आम्ही पहिल्या पेपरला गेलो. पुढचे दिवस मला धुक्यातून आठवतात. सकाळी आक्का आमच्यासाठी भाकरी थापायची, आम्ही पडद्याला टेकून वाचायचो, पाठीला कांदे टोचायचे. शेवटचा पेपर झाला, ट्रंका उचलल्या, आक्काच्या पाया पडलो, निघालो. ती म्हणाली, "निकाल लागला की सांगायला या."

मी आले होते. जुलैत निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका हातात घेऊन आधी पेढे घेतले आणि सरळ मळ्याकडे निघाले. वळणावरच वास आला. सडलेल्या कांद्याचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. चाळीसमोर काळ्या, गळणाऱ्या कांद्यांचा ढीग पडलेला होता. तात्या फावड्याने ओढत होते आणि शेजारच्या कुणाला तरी मोठ्या आवाजात सांगत होते, "मानंला धरून कापला हो पोरींनी! तळाला भरला, त्यानं वरचाबी नासवला." एक नासका आंबा आख्खी आढी नासवतो म्हणतात. आक्का पाठमोरी बसून चांगलं-वाईट निवडत होती. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी तिथूनच परत फिरले. पेढ्यांचा पुडा एसटीत शेजारच्या बायकांना वाटून टाकला. एकीने विचारलं, "कशाचं गं पोरी?" मी म्हटलं, "असंच."

पुढे एम.एस्सी.ला वनस्पतींच्या रोगांवरच्या पुस्तकात मी तो परिच्छेद वाचला. वाळलेली मान म्हणजे कांद्याने लावून घेतलेलं दार. ते कापलं की आत काहीही शिरतं. पुस्तकात हे चार ओळींत होतं. मी ते पान कितीदा वाचलं असेल! पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. दिवाळीला दर वर्षी वाटायचं पत्र लिहावं. काय लिहायचं? 'तुमचा कांदा मी नासवला आणि मला वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग मिळाला'?

तर यंदाचा मार्च. परीक्षेचा दुसरा दिवस, दुपारची तुकडी. वैष्णवी नावाच्या एका मुलीने काचपट्टी लावून मला बोलावलं. मी सवयीने डोळा लावला आणि सरळ बसले. पेशी खरोखर दुभंगत होती. रंगसूत्रं दोन टोकांना निघालेली, मधे पुसटशी रेघ. इतक्या वर्षांत हजारो काचपट्ट्या पाहिल्या, पण इतकी स्वच्छ क्वचित. गुण मांडून झाल्यावर मी तिला विचारलं, कुठली तू? ती राजूरच्या वरची निघाली. माझ्या वाडीपासून एका डोंगराच्याच अंतरावरची.

"राहतेस कुठे?"

"हे काय मॅडम, मागंच. आक्काआजींच्या हॉस्टेलवर."

"आहेत त्या?"

"आहेत की," ती हसली. "रोज दारातच बसलेल्या असतात."

पाच वाजता मी कॉलेजच्या मागच्या फाटकाने बाहेर पडले. ऊस नव्हता. रान नव्हतं. गल्ली होती, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार मजली इमारती, सगळ्यांवर दोऱ्यांना वाळत घातलेले मुलींचे कपडे. झेरॉक्सची दुकानं, खानावळी, पाणीपुरीची गाडी, एका जिन्यात बसून फोनवर आईशी भांडणारी एक मुलगी. आणखी दोघी माझ्या पुढून जाताना अनोळखी भाषेत बोलत होत्या. कुठून आल्या असतील? त्यांनाही कुणी तीन वर्षांची मुदत दिली असेल का? या गावात पाणी पुरत नाही, खोल्यांची भाडी चढली आहेत, शिकून बसलेली मुलं चौकाचौकात दिसतात, हे मला कळतं. पण त्या गल्लीत उभी असताना मला दुसरं काही दिसत नव्हतं. गावं वाढतात कशी, याचं उत्तर कोनशिलेवर लिहिलेलं असतं, पुढाऱ्यांच्या नावासकट. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या पोटात मात्र कधीतरी कांद्याची चाळ होती, आणि कुणीतरी आपला कांदा जरा बाजूला सरकवला होता. ते बघून मी थक्क झाले, आणि घाबरलेही, कारण पुढच्याच दारात खाटेवर एक म्हातारी बसलेली होती.

अंग आटलं होतं, पण बसणं तेच, एक गुडघा वर घेऊन. मी पाया पडले.

"आक्का, मी इंदू. भंडारदऱ्याकडची. निर्मलाबरोबर होते."

तिने चष्मा वर-खाली केला. माझं तोंड हातात धरून जरा उजेडाकडे वळवलं. "बस," म्हणाली. तात्या जाऊन तीन वर्षं झाल्याचं सांगितलं. आतून सून पाणी घेऊन आली, मंगल तिचं नाव. ती ठेवून गेली आणि मी पाणी न पिताच बोलायला लागले. रविवार, ढग, विळे, मान, जुलैमधला तो ढीग, वळणावरून परत फिरणं. सगळं एका दमात, तोंडी परीक्षेला आलेल्या पोरीसारखं. शेवटी म्हटलं, "आमच्यामुळे तुमचा कांदा गेला, आक्का. मी तेव्हाच यायला हवं होतं."

"मला ठावं हुतं की," आक्का म्हणाली.

"जुलैत कळलं ना?"

"जुलैत कशाला? त्याच दिशी. कांदा हातात घेतला आन कळलं. मला काय डोळं न्हाईत?"

"मग तेवढा बाजूला का नाही काढलात? लगेच विकता आला असता."

"बाजूला काढला आस्ता तर तुमी इचारलं आस्तं, का काढला. परीक्षा दोन दिसांवर. तू तर आशी रडकी, पेपरात काय लिव्हलं आस्तंस? ह्यांना म्हनलं, गप ऱ्हावा, पोरी जाऊद्यात, मंग निवडू. तवर त्याच्यावर दुसरा कांदा पडला, आन घाईगर्दीत ऱ्हाऊन गेलं."

म्हणजे आम्ही त्या पडद्याला टेकून पाठांतर करत होतो तेव्हा पलीकडे काय भरलंय ते तिला माहीत होतं. रोज माहीत होतं. आणि रोज सकाळी ती आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती. मी नुसती तिच्या हातांकडे बघत राहिले.

"पुढच्या साली कांदा भरलाच न्हाई," ती सहज म्हणाली. "रानातूनच टेम्पोत घातला. पोरीच लई आल्या हुत्या, पावसाळ्यात त्यांना कुठं घालवायचं? ह्यांनी फटी बुजवल्या, इटा लावल्या. मंग काय, वाढतच गेलं. ते ऱ्हाऊ दे." तिचा आवाज एकदम करडा झाला. "मला तू येक सांग. निर्मलाचं पत्र आलं हुतं, पास झाली म्हनून. त्यात तुझं नाव न्हाई, तुझं पत्रबी न्हाई. या दिवाळीला यील, त्या दिवाळीला यील, मी वाट बघितली. मंग मी समजले, पोरगी नापास झाली. बापानं नेली."

"आक्का..."

"कांद्याचं काय? कांदा नासतो, पुन्यांदा लावता येतो. पर सव्वीस वरसं मी ह्येच धरून बसले, का कांदाबी गेला आन पोरगीबी गेली."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी माझी चूक एवढी जपून ठेवली होती की तिच्याकडे माझी एक बातमी राहिली आहे, हे विसरूनच गेले होते. मी तिचा हात धरला.

"पास झाले होते, आक्का. पहिल्या वर्गात. वनस्पतिशास्त्रात कॉलेजात पहिली आले होते."

"खरं?"

"खरंच. आता शिकवते मी. मोठ्या कॉलेजात."

"शिकवते म्हनजे मास्तरीन हाईस?"

"हो."

आक्काने पदराने डोळे पुसले, खाटेची कड धरून ती अर्धवट उठली आणि आतल्या अंगाला तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडली की वरच्या मजल्यावरच्या दोन मुली कठड्यावरून खाली वाकल्या.

"मंगल, साखर आन गं! आपली इंदू पास झाली!"

मंगल साखरेचा डबा घेऊन धावत बाहेर आली. पिकल्या केसांच्या माझ्याकडे तिने एकदा पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं, "कधी, आत्या?"

"आत्ता," आक्का म्हणाली, आणि माझ्या तोंडात साखर घातली.